मेळावा नको, मंडळ हवे

३ डिसेंबर हा आपल्या कॅलेंडरवरील मानाचा दिवस. त्या दिवशी आपण संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करतो. १९९२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने हीच तारीख अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केली. पुढे काही धर्मग्रामांत सकाळी संताची मिस्सा आणि दुपारी अपंगांचा मेळावा असा जोडकार्यक्रम होऊ लागला. ह्या मेळाव्याविषयी मला आज लिहायचे आहे आणि ते गोड शब्दांत लिहिता येणार नाही. ज्यांच्याविरुद्ध लिहायचे आहे त्यांत पहिले नाव माझेच आहे, एवढे मात्र आरंभीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात मी व्यासपीठावर बसलो होतो. मंडप होता, फलक होता, हार घातलेल्या तीनचाकी सायकली होत्या आणि ब्लँकेटांची चळत होती. पाहुणे दीड तास उशिरा आले. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता ती माणसे सकाळी नऊपासून पहिल्या रांगेत बसून होती. व्यासपीठाला चार पायऱ्या होत्या. त्या चढणे त्यांच्यापैकी बहुतेकांना शक्य नव्हते, म्हणून आम्हीच खाली उतरून वाटप केले आणि छायाचित्रकाराने प्रत्येकाला मान वर करायला सांगितली. मी दयेवर पंधरा मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतील एकाही माणसाला ध्वनिक्षेपकावर बोलावले गेले नाही आणि ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नाही.

मंडप उतरत असताना लहानपणी पोलिओ झालेले एक गृहस्थ कुबड्यांवर माझ्याजवळ आले. मोटारी वाइंडिंग करून देण्याचे त्यांचे छोटे दुकान आहे. ते शांतपणे म्हणाले, "फादर, तुम्ही वर्षातून एक दिवस आम्हांला बोलावता, ते ठीक आहे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आम्ही एकमेकांना कुठे भेटायचं?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. उत्तर नसल्याची खंतही तेव्हा मला फारशी वाटली नाही, कारण त्या प्रश्नाचे मोलच मला कळले नव्हते. ब्लँकेट कमी पडले, सायकलीचे चाक वाकडे निघाले, असे काही ते म्हणाले असते तर मी तत्काळ धावपळ केली असती. पण ते वस्तू मागत नव्हते. त्यांना जागा हवी होती, आणि तीही एकमेकांना भेटण्यासाठी.

दीपनगरच्या एका घरात

भुसावळहून वरणगावकडे जाताना महामार्गालगत दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी दिसू लागतात. भुसावळात रेल्वे, भुसावळ आणि वरणगाव येथे आयुधनिर्माणी आणि मध्ये हे वीज केंद्र. ह्या पट्ट्यातील असंख्य कुटुंबे नोकरीबरोबर मिळालेल्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढतात. आपल्या समाजाची कित्येक घरेही अशीच नोकरीच्या निमित्ताने वसईहून, गोव्याहून, केरळातून, नगर आणि मराठवाड्यातून येथे आली व खान्देशच्या उन्हात रुजली.

दीपनगरच्या वसाहतीतील अशाच एका घरात मी आशीर्वादासाठी गेलो होतो. तेथील मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे. त्याला नीट बोलता येत नाही आणि बौद्धिक वाढही वयाच्या मानाने मागे राहिली आहे. पण वसाहतीत त्याला सगळे ओळखतात. किराणा दुकानदार त्याच्या खुणा समजतो, पाळीवरून परतणारे कामगार त्याला हाक मारतात आणि तो वाट चुकला तर कोणीतरी हाताला धरून घरी आणून सोडते. त्याची आई मला म्हणाली, "फादर, ह्यांना दोन वर्षांत निवृत्ती आहे. क्वार्टर सोडावं लागेल. घर कुठंही मिळेल हो. पण ह्याला ओळखणारी माणसं कुठून आणू?"

वाचकहो, हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. नोकरीचे घर नोकरीबरोबर जाते, हे आपण सारे जाणतो. परंतु ह्या कुटुंबाच्या बाबतीत घराबरोबर पंचवीस वर्षांची शेजारकीही जाणार आहे, आणि त्या मुलाच्या दृष्टीने शेजारकी हेच घर आहे. शेजार आपोआप मिळतो आणि बदलीने किंवा निवृत्तीने आपोआप विखुरतो. न विखुरणारा शेजार हवा असेल तर तो जाणूनबुजून बांधावा लागतो. त्याची वही ठेवावी लागते, वार ठरवावा लागतो, जागा ठरवावी लागते. अशा बांधलेल्या शेजारालाच मराठीत आपण मंडळ म्हणतो.

मराठी माणसाला मंडळाचे महत्त्व पटवून द्यायला नको. एका वसाहतीत गणेशोत्सवाचे मंडळ, भजनी मंडळ, महिला मंडळ, क्रीडा मंडळ, ज्येष्ठ नागरिक मंडळ अशी किती नावे निघतील! आपल्या चर्चमध्येही युवक मंडळ आहे, गायकवृंद आहे, मारियेची सेना आहे, संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. मी आजवर ज्या धर्मग्रामांत सेवा केली तेथे अपंगांसाठी कार्य करणारे मंडळ कोठे ना कोठे होते. अपंगांचे स्वतःचे मंडळ मात्र मला एकदाही आढळले नाही. 'साठी' आणि 'चे' ह्या दोन छोट्या प्रत्ययांतील अंतर ओलांडायला आपल्याला इतकी वर्षे का लागावीत, हा माझा प्रश्न आहे.

बेथेस्दाची गर्दी आणि कफर्णहूमचे चौघे

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याची हकिकत येते. पाच पडव्यांत आजारी, आंधळे, लंगडे असे पुष्कळ लोक पडून होते. पाणी हलले की जो पहिला उतरेल तो बरा होईल, ही त्यांची समजूत. त्यांतला एक जण अडतीस वर्षे आजारी होता. प्रभूने विचारले तेव्हा त्याने सांगितलेले गाऱ्हाणे असे, की मला पाण्यात सोडायला कोणी नाही आणि मी जाईपर्यंत दुसराच पुढे उतरतो. शेकडो समदुःखी शेजारी असताना हा माणूस एकटा होता! सगळे एकत्र होते, पण एकमेकांचे कोणी नव्हते, कारण त्या तळ्याची रीतच अशी होती की एकाला मिळाले की दुसऱ्याचे हुकावे.

आपला मेळावा हे असेच तळे आहे. सायकली दहा आणि नावे चाळीस असली की पहिल्या रांगेतील माणूस शेजाऱ्याकडे संशयानेच पाहणार. वर्षातून एकदा पाणी हलवणारे देवदूत आपण, आणि आपले हे देवदूतपण आपल्याला इतके आवडते, की तळ्याची रीत बदलावी असे आपल्याला वाटतच नाही.

त्याच्या शेजारी मार्कच्या शुभवर्तमानातील दुसरे चित्र ठेवा. कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण घेऊन आले. दारात गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडले आणि बाज खाली सोडली. आपण चौघांच्या श्रद्धेवर प्रवचने देतो. दार कोणी अडवले होते ह्याचा विचार आपण करत नाही. दार अडवणारे लोक दुष्ट नव्हते. ते प्रभूची वचने ऐकायला आलेले भाविक होते, आणि ऐकण्यात इतके गढले होते की पाठीमागे बाज आली आहे हे त्यांना कळले नाही. मला तर ती गर्दी फार ओळखीची वाटते. रविवारच्या मिस्साला मी ती रोज पाहतो.

खान्देशला अडलेल्या दाराची गोष्ट नवी नाही. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केले ते विठ्ठलाचे दार दलितांना उघडे व्हावे म्हणून. ते दार बंद असल्याचे निदान डोळ्यांना दिसत होते. आपले दार सताड उघडे असते आणि त्याच्या पुढे पाच पायऱ्या असतात. त्याविरुद्ध उपोषणाला कोण बसणार? अडलेला माणूस घरीच थांबतो, आणि आपण म्हणतो, "आपल्या धर्मग्रामात अपंग फारसे नाहीत."

आपले चार आक्षेप

हाच पहिला आक्षेप: आपल्यात असे किती आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या, म्हणजे हजारी सव्वीसच्या आसपास. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, पार्किन्सन हेही आले. तेव्हा ज्या धर्मग्रामात हजार माणसे आहेत तेथे पंचवीस-तीस माणसे शोधलीच पाहिजेत. रविवारी ती दिसत नसतील तर ती कोठे आहेत, हे विचारायला प्रमुख धर्मगुरूने घरोघर जावे. मी गेलो तेव्हा मला दारामागे, आतल्या खोलीत, पाहुणे आले की बाजूला केलेली माणसे आढळली.

दुसरा आक्षेप: सरकार आहे, संस्था आहेत, आपण कशाला? सरकार आहे, हे खरेच. डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात ह्या कामासाठी स्वतंत्र विभागही आहे. संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च केली पाहिजे. परंतु ग्रामसभेत उभे राहून ह्या ५ टक्क्यांचा हिशेब मागणार कोण? एकट्या माणसाला 'बघू' म्हणून परत पाठवता येते. वीस जण एकत्र गेले म्हणजे वही काढावी लागते.

आणि माहितीचे काय? दीपनगरच्या त्या आईला ठाऊक नव्हते, की मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीने आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानीय समिती कायदेशीर पालक नेमू शकते. आईबाप तेथे अर्ज करू शकतात. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. हे तिला कोणी सांगितले? मी नाही. दाखल्यासाठी एका दवाखान्याच्या रांगेत उभी असताना पुढे उभ्या असलेल्या, दुसऱ्या गावच्या एका मुस्लिम बाईने सांगितले. तिच्या मुलीसाठी तिने हे सारे केले होते. पाऊण तासाच्या रांगेत त्या अनोळखी बाईने जे दिले ते तिच्या धर्मगुरूला सहा वर्षांत देता आले नव्हते. रांग पुढे सरकली आणि दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्या दोघी दर महिन्याला भेटतील अशी जागा असणे, एवढीच माझी मागणी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत धार्मिक आणि म्हणून सर्वांत घातक: हा देवाने दिलेला क्रूस आहे, तो निमूटपणे वाहावा. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, त्याचे की आईबापाचे, असे विचारले तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय फेटाळले. तरीही 'काहीतरी केले असेल' ही कुजबुज आपल्या घरांतून गेलेली नाही. संत योहान पौल दुसरे ह्यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. दुःखाच्या तारणदायी मूल्याचे इतके सखोल विवेचन केल्यावर त्यांनी पत्राच्या अखेरीस उभा केला आहे तो चांगला शमरोनी. दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने सांगावा. पाहणाऱ्याने वाटेवर थांबून जखम बांधावी. खुद्द प्रभूचा क्रूसही काही अंतर कुरेनेच्या शिमोनाने वाहिला. मग एका आईने सव्वीस वर्षे एकटीने वाहावे, असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

चौथा आक्षेप हळू आवाजात येतो: त्यांच्या हाती कारभार दिला तर ते भांडतील, हिशेब बिघडवतील. भांडतीलच. आपला गायकवृंद भांडत नाही काय? नाताळच्या गोठ्यावरून युवक मंडळात अबोला धरला जात नाही काय? भांडण्याचा अधिकार हा सभासदत्वाचाच भाग आहे. ज्याच्याशी कोणी कधी भांडत नाही, फक्त गोंजारते, त्याला आपण अजून पाहुणाच समजतो.

ज्यांनी करून दाखवले

हे सारे स्वप्नरंजन नव्हे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली पक्षाघात झाला. खचलेल्या त्या मुलीला उभारी दिली ती बाबूकाका दिवाण ह्यांनी. बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून आपले व्यवहार सांभाळणारे गृहस्थ होते. खुर्चीतल्या माणसाने खुर्चीतल्या मुलीला सांगितले, म्हणून ते पटले. पुढे १९८४ साली नसीमाताईंनी 'हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी घराघरांत पोहोचले.

दुसरे उदाहरण आपल्या खान्देशाशी नाते असलेले. डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे खान्देशचे, कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने त्यांच्या घरात जे वादळ आणले त्यातून पुण्याची 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' जन्माला आली. तेथील स्वमदत गटात रुग्ण आणि नातलग एकत्र बसून एकमेकांना आपला अनुभव सांगतात. 'देवराई' हा २००४ सालचा मराठी चित्रपटही ह्याच धडपडीतून निघाला. ज्या आजाराचे नाव घ्यायला घरे घाबरत होती त्याविषयी माणसे एका खोलीत बसून बोलू लागली, हे औषधाइतकेच मोलाचे आहे.

जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प अपंग तरुणांना निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करण्याची संधी देतो. त्याचा मला अभिमान वाटतो आणि आपल्या मुलांना मी तेथे जायला सांगतो. परंतु जो परीक्षेला बसणार नाही, जो घर सोडून राहू शकणार नाही, त्यालाही गुरुवारी संध्याकाळी जाण्यासारखे ठिकाण हवेच ना? संस्था काही जणांना पुढे नेते. जे गावातच राहणार आहेत त्यांना एकमेकांची साथ मिळते ती मंडळात.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हा धागा आहे. फ्रान्समधील व्हर्दून येथे १९४५ साली आंरी फ्रांस्वा ह्या धर्मगुरूंनी आजारी व अपंगांचा बंधुसंघ सुरू केला. त्याचे सूत्र साधे होते: आजाऱ्याने आजाऱ्याला भेटावे आणि नेतृत्वही त्यांनीच करावे. १९७१ च्या ईस्टरला बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती, त्यांचे आईबाप आणि मित्र असे बारा हजार यात्रेकरू लूर्डला एकत्र आले. त्यामागे एका कुटुंबाची व्यथा होती: आपल्या दोन अपंग मुलांना घेऊन त्यांना यात्रेत सामील व्हायचे होते, पण इतरांना त्रास होईल म्हणून त्यांना नकार मिळाला होता. त्या यात्रेतून 'श्रद्धा आणि प्रकाश' नावाचे छोटे छोटे गट जगभर निर्माण झाले.

येथे एक कटू सत्य लपवून चालणार नाही. त्या यात्रेच्या प्रवर्तकांपैकी एक, आणि 'लार्श' ह्या निवासी समुदायांचे संस्थापक, जाँ व्हानिए ह्यांना आपण हयातीतच संत ठरवून टाकले होते. त्यांच्या मृत्यूनंतर २०२० साली त्यांच्याच संस्थेने केलेल्या चौकशीतून त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले. ह्यावरून कोणी म्हणेल, की असली कामे नकोतच. मी उलट अनुमान काढतो. परोपकारी माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून त्याच्या हाती एकवटलेली सत्ता अधिक धोक्याची असते. तेव्हा किल्ली, वही आणि पेटी दात्याकडे ठेवू नका. धर्मगुरूकडेही ठेवू नका.

माझा कबुलीजबाब

पहिले नाव माझे आहे असे मी म्हटले ते विनयाने नव्हे. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलीला तिची आई प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारासाठी घेऊन आली. मी मुलीला धर्मशिक्षणाचे प्रश्न विचारले. तिला उत्तरे देता आली नाहीत. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी तेच झाले. तिसऱ्या वर्षी त्या आल्या नाहीत.

मी अज्ञानी होतो असेही नाही. सेमिनरीत आम्हांला धर्मविधान शिकवले गेले होते. १९१७ च्या जुन्या संहितेत शारीरिक व्यंग असलेल्याला गुरुदीक्षेची आडकाठी होती; १९८३ च्या संहितेने ती काढून टाकली, हे मी परीक्षेत लिहिले होते. स्नानसंस्कार झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या प्रत्येकाला ख्रिस्तशरीर दिले पाहिजे आणि लहान मुलाकडून त्याच्या कुवतीपुरतीच समज अपेक्षित आहे, हेही मला पाठ होते. पाठ असलेले मी त्या मुलीपुढे विसरलो. ती मुलगी दर रविवारी अर्पणाच्या वेळी उठून उभी राहत असे आणि इतर मुले गप्पा मारत असत. कोणाला अधिक समज होती?

आज वाटते, त्या गावी अशा पाच मातांचे मंडळ असते तर ती आई एकटी परतली नसती. पाच जणी माझ्या दारात आल्या असत्या आणि मला माझाच अभ्यास पुन्हा करावा लागला असता. मंडळ अपंगांना हवे तसे ते धर्मगुरूलाही हवे, कारण त्याला त्याच्या चुका सांगणारे फार थोडे असतात. २०२४ च्या मे महिन्यात केरळात त्रिशूर येथे होली क्रॉस संस्थेचे जोसेफ तेर्मडम ह्यांना गुरुदीक्षा मिळाली. ऐकू न येणारे ते भारतातील पहिले धर्मगुरू. सांकेतिक भाषेत मिस्सा अर्पण करणारे त्यांचे हात पाहिले की माझी ती प्रश्नोत्तरे मला आठवतात आणि मान खाली जाते.

मग करायचे काय?

फार थोडे. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि तो बदलू नका. तळमजल्यावरची जागा द्या. पायऱ्या असतील तर उतार बांधा, एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी, त्याहून उभा नको. शौचालयाचे दार चाकाची खुर्ची आत जाईल इतके रुंद करा. धर्म विचारू नका. मंडळ साऱ्या वसाहतीचे असो आणि त्यात प्रचाराचा वासही नको. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हे स्वतः अपंग असोत, आणि जे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने आईबाप असोत. हिशेब दर महिन्याला फलकावर लागो. कोणाही परावलंबी व्यक्तीजवळ एकट्या माणसाला ठेवू नका, नेहमी दोघे असोत. हा नियम धर्मगुरूलाही लागू असो. युवक मंडळाने दोन तास मुले सांभाळावीत, म्हणजे आयांना एकमेकींशी बोलता येईल. श्रीमंतांनी ब्लँकेटांऐवजी रिक्षाचे भाडे द्यावे, कारण पुष्कळांना बैठकीपासून दूर ठेवते ते रिक्षाचे भाडेच.

आमच्याकडे अशी सुरुवात झाली आहे आणि ती गाजावाजा करण्याजोगी नाही. पहिल्या बैठकीला सात माणसे आली, दुसऱ्या बैठकीला पाच. तिसऱ्या बैठकीत चहाच्या खर्चावरून वाद झाला आणि एक जण रागावून गेला. चौथ्या बैठकीला तो परत आला. दीपनगरची ती आई मुलाला घेऊन येते. तिने पालकत्वाचा अर्ज केला आहे आणि दुसऱ्या दोघींना अर्ज कसा भरायचा ते शिकवते. मुलगा खुर्च्या मांडतो. सभासद त्याच्या खुणा शिकत आहेत. दोन वर्षांनी क्वार्टर सुटेल तेव्हा त्याला ओळखणारी निदान बारा-पंधरा माणसे असतील, जी कोणत्याही निवृत्तीने विखुरणार नाहीत. मंडळाला अजून नाव नाही. ते त्यांनीच ठेवायचे आहे आणि त्यावरूनही वाद चालू आहे.

खोलीची किल्ली मोटार वाइंडिंगवाल्या त्या गृहस्थांकडे असते. गेल्या महिन्यात मला त्या खोलीतून काही सामान हवे होते. किल्लीसाठी मी त्यांच्या दुकानात गेलो. ते काम करत होते. "थांबा फादर, एवढी तार गुंडाळू द्या," असे म्हणून त्यांनी मला बाकावर बसवले, आणि मी थांबलो.